सवतीच्या लुगड्यातली धार

म्हाळसाबाई माझी मोठी माय. सावत्र आई म्हणा हवं तर, पण तो शब्द माझ्या तोंडून निघाला की माझी आई नर्मदाबाई डोळे वटारायची. "सावत्र कोन गं? ती का मी? ती आदी आली घरात, मी मागून." त्या न्यायानं सावत्र लागत असलंच कुणी, तर ती माझी आई.

मोठी माय जळकुकडी होती. मी तिची निंदा करतेय असं समजू नका, ती स्वतःच सांगायची. "मी हायच जळकी. नावच तसलं ठिवलंय माज्या बापानं, मी काय करू?" खंडोबाच्या पहिल्या बायकोचं नाव म्हाळसा, आणि देवाच्या म्हाळसेलासुद्धा बाणाईची सवत चुकली नाही. आमचं घर मेंढरं राखणाऱ्यांचं, खंडोबा घरचा देव, म्हणून आमच्यात पोरीचं नाव म्हाळसा ठेवताना कुणाला काही वाटत नाही. वाटायला पाहिजे, असं माझं मत आहे.

चारठाण्याहून पायवाटेनं गेलं की आमची वाडी लागायची. तिथं नऊ वर्षांची म्हाळसा सून होऊन आली आणि सासूच्या, म्हणजे भिवराबाईच्या, हाताखाली वाढली. निजामाचं राज्य गेलं, गावात तिरंगा लागला, तरी तिची कूस उजवली नाही. माझा बाप रायभान स्वभावानं गरीब, जो बोलेल त्याच्याकडे मान डोलावणारा. एकाला दोन बायका करायला कायद्यानं बंदी येणार अशी कुजबुज जिंतूरच्या बाजारात सुरू झाली, आणि ती यायच्या आत त्यानं माझ्या आईशी लग्न उरकून घेतलं. एरवी त्याला कुठल्या कामाची एवढी घाई झालेली कुणी पाहिली नाही.

आई पूर्णेकडची. येताना तिच्या बापानं एक म्हैस दिली होती, चंद्री. कपाळावर पांढरा टिळा, शेपटीचा गोंडा पांढरा. मोठी माय म्हणायची, "दारात एक सवत न्हाई आली, दोन आल्या."

तेव्हापासून तिचा जीव नुसता जळत राहिला. भाकरी तिनं थापली आणि बाप म्हणाला, "आज झ्याक झालीय," की हिचं सुरू, "आज म्हंजे? रोज काय माती वाढती व्हय मी?" नर्मदेच्या हातची भाकरी तो मुकाट्यानं खाऊन उठला की, "बगा, घास उतरंना, पर तिला एक शबुद बोलायचा न्हाई." बिचाऱ्यानं खावं तरी कसं? नर्मदेनं बांगड्या भरल्या की हिला बांगड्या हव्यात, आणि भरल्या की ह्या तिच्यापेक्षा हलक्या आहेत म्हणून भांडण. भिवराबाईचंही तसंच. आजीच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता, माणसं तिला रंगाच्या ठिपक्यांसारखी दिसत. दिवसभर गोठ्याच्या दाराशी बाजेवर बसून ती सुनांना हाका मारायची. माझ्या आईला म्हणायची, "नर्मदे, बाय माजी, जरा पानी दे." आणि मोठ्या मायला, "म्हाळसे, मेलीस का काय?" मोठी माय हे दोन आवाज मनात मांडून ठेवायची.

पहिल्या वेतालाच चंद्रीचं रेडकू दगावलं. रेडकू गेलं की म्हशी पान्हा चोरतात. कास टम्म भरलेली असते, पण सडातून थेंब सुटत नाही. माझ्या आईनं ती म्हैस सोडली नाही. समोर सरकीचं घमेलं ठेवायचं, कपाळ खाजवायचं, आणि बोलत बसायचं. धार काढताना आईचं तोंड कधी बंद नसे. माहेरच्या गोष्टी, शेजारणीच्या चुगल्या, म्हशीच्याच आयमायचा उद्धार, सगळं त्या म्हशीच्या कानात. काही दिवसांनी असं झालं की आईचं हिरवं लुगडं गोठ्यात दिसलं तरी चंद्री मान वळवायची आणि सड ओले व्हायचे. दुसरं कुणी जवळ गेलं की लाथ.

आता इथं थोडं थांबून मला माझ्या धंद्याचं बोललं पाहिजे. मी जन्मभर परभणीला पोरांना प्राणिशास्त्र शिकवलं. पेशी पेशीशी कशी बोलते हा धडा आला की पोरं घोकंपट्टी करायची, आणि मी खडू आपटायची. "अरे घोकू नका, म्हैस बघा!" कास म्हणजे काही पखाल नव्हे, की दाबली आणि दूध आलं. दूध असतं आत, बारीक बारीक फुग्यांत. हात सडाला लागला की खबर नसांमधून मेंदूला जाते. मेंदूच्या खाली एक गाठ असते, ती रक्तात एक निरोप्या सोडते. संप्रेरक म्हणतात त्याला. रक्ताबरोबर तो अंगभर हिंडतो, कानात जातो, खुरात जातो, शेपटीत जातो. तिथं कुणी त्याला विचारत नाही, कारण त्याला ओळखणारी कडीच तिथल्या पेशींच्या दाराला नसते. ह्या कडीला आम्ही ग्राही म्हणतो. दुधाच्या फुग्यांना विळखा घालून बसलेल्या पेशींच्या दाराला ती कडी असते. निरोप्या तिला लागतो. तो आत जात नाही बरं का, उंबऱ्याबाहेरच राहतो. कडी हलते, आतल्या आत खबर हातोहात पुढं सरकते, पेशीत साठवलेलं चुन्याच्या जातीचं द्रव्य, म्हणजे कॅल्शियम, सुटतं, पेशी आवळते आणि दूध खाली येतं. एवढा सगळा प्रवास, आणि आपण एका शब्दात म्हणतो, पान्हा फुटला.

माझी आई सातवा लागल्यावर बाळंतपणाला माहेरी निघाली, तेव्हाची ही गोष्ट. सत्तावन्नच्या सुमारास येलदरीला पूर्णेवर धरणाचं काम निघालं होतं आणि माझ्या बापाला तिथं राखणदारीचं काम मिळालं. राहायला एक खोली. कॅम्पात चहाचं हॉटेल होतं, त्याला रोज दूध हवं होतं, आणि बापानं ते द्यायचं कबूल केलं होतं. खोलीत एकच बाई मावणार, दुसरीनं वाडीत राहून मेंढरं आणि म्हातारी सांभाळायची. बापानं आयुष्यात पहिल्यांदा ठाम बोलून दाखवलं.

"म्हाळसे, ही म्हैस तुज्या हाताला लागली तर मी तुला येलदरीला न्हेतो. न्हाई लागली, तर नर्मदा आल्यावर तिला न्हेतो. मला दुदाचं वचन पाळायचंय."

"आन म्हैसच मेली तर?" मोठ्या मायनं विचारलं.

"तसलं काय करू नगस," बाप घाबरून म्हणाला.

तिचा तसा काही विचार नव्हता. तिला जायचं होतं. दोन खणांच्या घरात सवतीच्या बांगड्या ऐकत इतके दिवस काढल्यावर नवऱ्यासोबत एकटीची खोली, एकटीची चूल, एकटीच्या हातची भाकर, एवढंच तिला पाहिजे होतं. पोर नाही झालं तर नाही, नवरा तरी माझा म्हणून राहू दे, असं ती शेजारच्या दगडाबाईला म्हणाली होती. दगडाबाईनं ते गावभर केलं.

आई माहेरी गेली आणि मोठी माय चंद्रीखाली बसली. तिचा हात सडाला लागला तशी म्हैस आखडली. हिनं जोर लावला, म्हशीनं लाथ घातली, चरवी उलटली. "तुज्या मालकिनीसारकीच हाईस, छिनाल!" म्हणून हिनं तिच्या पाठीत धपाटा घातला. त्यावर म्हैस काय दूध देणार? जनावर बिचकलं की रक्तात दुसराच निरोप्या धावतो, भीतीचा. तो रक्ताच्या वाटा आवळून टाकतो, पान्ह्याचा निरोप्या कासेपर्यंत पोचतच नाही. मुळात मेंदू त्याला सोडतच नाही. दूध तिथंच, कडी तिथंच, आणि कासेला कोरड. रोज सकाळ-संध्याकाळ हेच. घरातलं दूध थेंबावर आलं, आणि नाही काढलं तर कास सुजायची, म्हैस कायमची आटायची. बाजेवरून आजी विचारायची, "किती निगालं गं?" ही उत्तर द्यायची नाही. न सांगता कळत होतंच.

वाट सापडली ती शेजारच्या चंद्रभानमुळं. चंद्रभान म्हणजे हे एवढाले मिशांचे आकडे, वाडीतला पैलवान गडी. त्याची बायको माहेरी गेली होती, आणि एका सकाळी मोठ्या मायनं कुडापलीकडं पाहिलं तर पैलवान बायकोचं लुगडं नेसून, डोक्यावर पदर घेऊन म्हशीखाली बसलेला. हिला पाहून तो खजील झाला.

"हसू नगा वैनी. लुगडं दिसल्याबिगर देतच न्हाई ही हरामखोर."

आमच्याकडं हे नवं नव्हतं. घरची बाई नसली की गडी माणसं गुपचूप असं करायची, आणि दुसऱ्यानं केलं की हसायची. मोठी माय हसली नाही. ती घरात आली. नर्मदेचं हिरवं लुगडं गोठ्यातल्या खुंटीवर तसंच लटकत होतं, शेणाचे डाग पडलेलं, धारेच्या वेळी नेसायचं म्हणून तिनं माहेरी न नेलेलं. ते बघून तिच्या अंगाचा तिळपापड झाला. नवरा वाटून घेतला, चूल वाटून घेतली, आता सवतीनं उतरवलेलं अंगाला लावायचं? म्हैस विकली गेली तरी चालेल, पण हे नाही. दोन दिवस ती तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी कास दगडासारखी लागली, आणि तिच्या डोळ्यांसमोर येलदरीच्या खोलीत नर्मदा चूल पेटवताना दिसायला लागली. मग ती नेसली.

सकाळची वेळ होती, नुकतं उजाडलं होतं. हिरवं लुगडं नेसून, पदर नर्मदेसारखा खोचून ती चंद्रीजवळ गेली. धपाटा नाही, शिवी नाही, कारण चोरी करताना कुणी ओरडत नाही. म्हशीनं मान वळवून हुंगलं. लुगड्याला नर्मदेच्या घामाचा, तिनं घातलेल्या सरकीचा वास. मोठ्या मायनं श्वास धरून सडाला हात लावला आणि धार चरवीत वाजली.

मी पोरांना सांगायची, दाराची कडी हात बघते, तोंड बघत नाही. खऱ्या निरोप्यासारखा घडलेला दुसरा कुणी आला आणि कडीत बसला, तर ती त्यालाही हलते. कितीतरी औषधं ह्याच लबाडीवर चालतात. पोरांना औषधाची नावं सांगून मी थांबायची. ह्या लुगड्याचं मी वर्गात कधी बोलले नाही.

चरवी अर्धी झाली असेल, तेव्हा दाराशी बाज करकरली. आजी उठून बसली होती. तिला गोठ्यात हिरवा ठिपका दिसला असणार.

"नर्मदे? माघारी आलीस व्हय गं?"

मोठी माय जागच्या जागी थिजली. बोलावं तर आवाजानं पकडलं जाणार, उठावं तर धार मोडणार. तिनं घशातून नुसतं "हं" केलं.

"बस, उठू नगस. आलीस ते बरं झालं. ती म्हाळसा नसंल इथं तवर तुला एक सांगती." आजीनं आवाज खाली घेतला. "येलदरीला म्हाळसेला जाऊ दे. तुला लेकरू व्हईल, तू त्यात रमशील. तिला काय हाय? एवढीशी व्हती, तवा आनली मी तिला. रजाकाराच्या सालात गावानं रान धरलं. मी तापानं फणफनले व्हते. रायभान मेंढरं घेऊन डोंगरात गेला. सगळे गेले. ही एकटी माज्यापाशी बसून ऱ्हायली. पोटची असती तर पळाली असती गं. माजी लेक हाय ती. तिला हे मी कदी मनले न्हाई. तिचं तोंड बगितलं की माजं वाकडंच निगतंय. तू हो मन, नर्मदे."

"हं," मोठी माय म्हणाली.

धार काढून झाली. तिनं लुगडं फेडून खुंटीला टांगलं, स्वतःचं नेसली आणि परड्यामागं जाऊन बसली. रडली की काय, मला माहीत नाही. तिनं मला सांगितलं ते एवढंच, "मला राग आला. आत्याबाई माज्यासाटी बोलल्या, पर बोलल्या कुनापाशी? तिच्यापाशी. तितं बी तीच." दुसरी कुणी असती तर तिला आनंद झाला असता. हिला सासूच्या मायेचासुद्धा हेवा वाटला, आणि माया तिच्यावरच होती!

त्या दिवसापासून म्हैस रोज पिळली जाऊ लागली, रोज हिरव्या लुगड्यात. बाप सुट्टीला आला तर चरवी भरलेली. त्याला लुगड्याचं कळलं नाही, तो सकाळच्या धारेला झोपलेला असायचा आणि संध्याकाळच्या धारेला गावात.

मी जन्मले, आणि मला घेऊन आई वाडीत आली. दुसऱ्या दिवशी सगळे बसलेले असताना आजी म्हणाली, "नर्मदे, तू मला शबुद दिलायस. येलदरीला म्हाळसा जाईल."

मोठी माय खाली बघत होती. तिला वाटलं, आता ही म्हणेल, कसला शब्द? कधी दिला? आईनं एकदा खुंटीवरच्या लुगड्याकडं पाहिलं. माझ्या आईचा हात लुगड्याची नीट घडी घालणारा, आणि खुंटीवर ते बोळा करून अडकवलेलं. काठाला ताज्या दुधाचा डाग. मग तिनं मोठ्या मायकडं पाहिलं.

"व्हय आत्याबाई," आई म्हणाली. "दिलाय मी. अक्का, लुगडं न्या संगं, लागंल तुमाला."

झालं! नवरा दिला, म्हैस दिली, वर लुगडं दिलं, आणि तेही चारचौघांत. मोठ्या मायला ते सोसवलं नाही. वाटेत ती बापाला म्हणाली म्हणे, "किती मोट्या मनाची हाय बगा तुमची नर्मदा. मला काय, भीक घातल्यागत दिलं." बापानं मान डोलावली. मान डोलावली म्हणून तिनं त्याला आणखी झाडलं.

येलदरीला तिला पाहिजे होतं ते सगळं मिळालं. खोली, चूल, नवरा. बाप भाकर मुकाट खायचा, आणि आता त्यावर भांडायलाही कुणी नव्हतं. तरी तिचं जळणं थांबलं नाही. बाप मला बघायला वाडीत येऊन परत गेला की ती त्याचा सदरा हुंगायची. "पोरीचा वास यायलाय. तिच्या मायचा बी यायलाय." आणि सकाळ-संध्याकाळ सवतीचं लुगडं नेसावं लागायचं. एवढा कॅम्प, माणसांची वर्दळ, यंत्रांचा धडधडाट, त्यात तिला भीती की लुगडं नसलं तर म्हैस आखडेल, आणि म्हैस आखडली की नर्मदा इथं आणि आपण तिथं. ते फाटलं की ती दोरा घालायची, विटलं की जपून धुवायची. स्वतःचं एकही लुगडं तिनं इतकं जपलं नाही.

मग ती संध्याकाळ आली. ती धारेला जायला निघाली होती, खोलीच्या दारात पाठमोरी उभी, अंगावर हिरवं. बाप कामावरून आला, पायताण काढता काढता सहज म्हणाला,

"नर्मदे, पानी दे गं."

बिचारा. त्याच्या मनात काही नव्हतं. इतकी वर्षं हिरवा पदर दिसला की नर्मदा, तेवढंच. म्हशीनं जे केलं तेच त्यानं केलं. मोठी माय वळली. तिनं लुगडं फरफर ओढलं, आपलं जुनेर गुंडाळलं, आणि ते हिरवं सगळंच्या सगळं चुलीत कोंबलं.

"घ्या पानी! बोलवा नर्मदेला! येऊ दे तिला हितं, मी जाती!"

लुगडं जळालं. खोलीभर धूर झाला. धूर गेल्यावर तिच्या लक्षात आलं की धार राहिलीय आणि आता लुगडं नाही. म्हणजे सगळंच गेलं. हॉटेलवाल्याचं दूध, खोली, चूल, सगळं आपल्या हातानं चुलीत घातलं. चरवी घेऊन ती तशीच म्हशीकडं गेली, निदान कास मोकळी करावी म्हणून. लाथ बसली तर बसू दे, ह्या तयारीनं.

चंद्रीनं मान वळवली. तिच्या जुनेराला हुंगलं, तिच्या हाताला हुंगलं, आणि सड ओले झाले.

मोठी माय हात न लावता बघत राहिली. तिला कळलं की हे आजचं नाही. म्हैस तिच्या हाताला, तिच्या वासाला केव्हाच लागली होती. इतके महिने ती उगाच ते लुगडं नेसत होती, कारण न नेसता बघायचं धाडस तिनं एकदाही केलं नव्हतं. धार काढताना तिला सासूचे शब्द आठवले. माजी लेक हाय ती. ते शब्द लुगड्याला नव्हते, तिलाच होते, आणि तिनं ते सवतीच्या नावावर टाकून ठेवले होते. दुसऱ्या दिवशी सकाळची धार काढून तिनं वाडीची वाट धरली.

आजी बाजेवर, आई चुलीपाशी, मी आईच्या मांडीवर. मोठी माय दारातूनच म्हणाली, "नर्मदे, तुजं लुगडं मी जाळलं." आई काही बोलायच्या आत ती आजीपुढं जाऊन उभी राहिली.

"आत्याबाई, त्या दिशी धारेला मी व्हते. नर्मदा न्हवती. तुमी माज्यापाशी बोललात."

"मंग?" आजी म्हणाली. "मला काय ठाऊक न्हवतं?"

मोठी माय वाकून आजीच्या डोळ्यांत बघायला लागली.

"आंदळी झालीय मी, भैरी न्हाई. नर्मदा धारेला बसली की तिचं तोंड कदी बंद असतंय? ह्या घरात मुकाट धार काढनारी तू एकटी. आन नर्मदेला ती मायेरी जायच्या आदीच मी सगळं बोलले व्हते. तुज्या नावानं बोलले असते, तर तू ऐकलं असतंस का? मनली असतीस, म्हातारी मला चुचकारायलीय."

मोठी माय खरंच तसंच म्हणाली असती. आमच्या शास्त्रात असं होतं. एकच निरोप सारखा आदळत राहिला की पेशी कंटाळून आपल्या कड्या आत ओढून घेते, मग बाहेर कुणी कितीही हाका मारो. मोठ्या मायनं आजीच्या शिव्या इतक्या ऐकल्या होत्या की त्यातली माया ऐकायला तिच्याकडं काही उरलंच नव्हतं. म्हातारीनं निरोप आडवाटेनं नेऊन दार ठोठावलं.

"आता मना," मोठी माय म्हणाली. "माजं नाव घिऊन मना."

"काय गं ह्ये पोरासारकं?"

"मना."

आजीनं हात पुढं करून तिचा चेहरा चाचपला. "म्हाळसे, तू माजी लेक हाईस. झालं?"

त्यावर मात्र मोठी माय आजीच्या मांडीत तोंड घालून हंबरडा फोडून रडली.

ही गोष्ट मला मोठ्या मायनंच सांगितली, आणि इथं ती थांबायची. मीही इथंच थांबले असते. पण आई म्हातारी झाल्यावर एकदा शेंगा निवडत बसलो होतो, तेव्हा मी तिला म्हटलं, "आई, तू किती मोठ्या मनाची गं. नवरा दिलास, लुगडं दिलंस, कधी हेवा केला नाहीस."

आईनं शेंगा बाजूला सारल्या.

"कुनी सांगितलं तुला? अक्का म्हातारीच्या मांडीत रडली, त्या दिशी मी चुलीपाशी व्हते. मी सगळं दिलं, ते म्हातारीनं सांगितलं मनून. आन तिनं लेक कुनाला मनलं? मला नर्मदे, बाय माजी. गोड बोलायची गं, परक्याच्या पोरीपाशी बोलावं तसं. मरेस्तोवर लेक मनली न्हाई." तिचा आवाज इतक्या वर्षांनीही कडू झाला. "त्या सांजेला तू रडू रडू बेजार झालीस. छाती दगडावानी भरलेली, आन मला पान्हाच फुटंना. थेंब न्हाई."

मी जन्मभर शिकवलेला धडा मला समोर दिसत होता. निरोप्या सुटलाच नव्हता.

"मग मला पाजलं कुणी?"

"कोन पाजनार? अक्कानं. शेळी पिळली, बोंडल्यानं तुला दूद पाजलं, मांडीवर निजवलं. तू बी मेली गुमान प्यालीस," आई म्हणाली आणि पुन्हा शेंगा निवडायला लागली. "त्याचा बी मला रागच आला."